शेवळं, काकडं आणि मटणाचा टोप

1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात जायची बंदी असते. नागोठणं समुद्रकाठचं गाव नाही, पण इथली अंबा नदी पुढे धरमतरच्या खाडीला मिळते आणि आमच्या बाजारात कोळणींच्या टोपल्या येतात त्या त्याच बाजूने. जून लागला की त्या टोपल्यांत थोडंफार खाडीचं आणि बाकी सगळं सुकं उरतं: बोंबील, सोडे, जवळा. भाजीवाल्यांकडेही त्या दिवसांत मन रमेल असं काही नसतं. उन्हाळ्यातली गवार, भेंडी निबर झालेली आणि शिराळी-पडवळाचे वेल अजून मांडवावर चढायचे असतात. नेमक्या त्याच दिवसांत, मृगाचा पहिला बरा पाऊस पडून गेला की, सकाळी बाजाराच्या रस्त्याला कातकरी आणि ठाकूर बायका शेवळांच्या जुड्या मांडून बसतात.

ज्यांनी शेवळं पाहिलेली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. शेवळ म्हणजे सुरणाच्या कुळातल्या एका रानकंदाचा फुलोरा. वनस्पतिशास्त्रात त्याला अमॉर्फोफॅलस कम्युटेटस म्हणतात आणि तो आपल्या सह्याद्रीच्या पट्ट्यातच होतो. कंद वर्षातला मोठा काळ जमिनीत निजलेला असतो. पहिल्या पावसाची ओल पोचली की पानाच्या आधी फुलोरा वर येतो, वीत-दीड वीत उंच, जांभळट तपकिरी, मिटलेल्या छत्रीसारखा गुंडाळलेला. मिटलेला आहे तोवरच तो भाजीचा. उमलला की त्याला कुजका वास सुटतो, कारण परागीभवनासाठी किडे-माश्यांना बोलवायचं असतं. याच कुळातला सुमात्राच्या जंगलातला एक भाऊबंद माणसाहून उंच फुलतो आणि परदेशातल्या वनस्पती उद्यानांत तो फुलला की लोक रांगा लावून बघायला जातात. आमच्या सुकेळी खिंडीच्या डोंगरातलं शेवळ मात्र आम्ही मटणात घालतो, आणि त्यासाठी वर्षभर थांबतो.

माझं माहेर कराडकडचं. तिकडे मटण म्हणजे मटण. एका पातेल्यात सुकं, एका पातेल्यात तांबडा रस्सा, सोबत बाजरीची नाहीतर ज्वारीची भाकरी. मटणात भाजी घालणं म्हणजे पाहुण्याला फसवणं, असा आमच्याकडचा समज. रश्श्यात बटाट्याची फोड दिसली तरी माझे वडील ताटावरून मान वर करून आईकडे बघायचे. बोलायचे काही नाहीत, पण त्या बघण्यात सगळं यायचं. लग्न होऊन मी नागोठण्याला आले ती हा समज घेऊनच. सासर सीकेपी. या रोहा-पेण पट्ट्यातल्या सीकेपी आणि आगरी घरांत जूनमध्ये शेवळं शिजली नाहीत तर पावसाळा लागला असं कोणी धरतच नाही. कोणी सोडे घालून करतं, कोणी कोलंबी घालून, कोणी खिमा घालून. आमच्या घरात हाडाचं मटण घालून करतात, त्यात वालाचं बिरडं आणि बटाटाही. माझ्या सासूबाईंचं, म्हणजे आईंचं, म्हणणं असं की खिमा चांगलाच, पण हाडाशिवाय रश्श्याला अंग येत नाही.

त्यांनी मला हे शिकवायला सुरुवात केली ती स्वयंपाकघरात नाही, बाजारात. जुडी हातात घेऊन दाखवली. टोक घट्ट मिटलेलं हवं, दांडा दाबला तर करकरीत लागायला हवा, पात सुटायला लागली असेल तर ती जुडी परत ठेवायची. मी पैसे काढले, तर विकणाऱ्या मावशींनी जुडी मागे ओढली.

"वैनी, काकडां घे आधी. काकडां नाय घेतलीस तं शेवलां देनार नाय."

मला वाटलं, त्यांना दोन्ही खपवायचं आहे. आईंनी काही न बोलता काकडांचा वाटा पिशवीत टाकला. घरी आल्यावर कळलं की मावशींनी माझ्यावर उपकार केले होते. काकड नावाचं झाड आमच्या रानात असतं, त्याची ही हिरवी, गोलसर, आंबट-तुरट फळं. ती नेमकी शेवळांच्याच दिवसांत मिळतात. शेवळात सुरण-अळूसारखीच खाज असते. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे टोकदार स्फटिक असतात, ते घशाला आणि जिभेला टोचतात. भरपूर आंबटात शिजवल्यावर खाज मरते, हा इथल्या लोकांचा पिढ्यानपिढ्यांचा अनुभव. चिंच-कोकमावरही काम भागतं, पण काकडाची चव शेवळाला जशी लागते तशी दुसऱ्या कशाची नाही. रायगडात जवळजवळ प्रत्येक घरात एक गोष्ट असते: अमुक साली तमुक पाहुणा शेवळं खाऊन रात्रभर घसा धरून बसला. त्या गोष्टीच्या मुळाशी बहुतेक वेळा घाईने केलेली साफसफाई नाहीतर कमी पडलेलं काकड असतं.

साफसफाईला खरोखरच वेळ लागतो. जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचं, हाताला तेल लावायचं, एकेक शेवळ घ्यायचं. बाहेरची जून पात काढून टाकायची. आतला दांडा उघडा झाला की त्यावर पिवळट, दाणेदार भाग दिसतो. तो पुरता कापून टाकायचा, कारण खाज सगळ्यात जास्त तिथे. उरलेलं धुऊन बारीक चिरायचं. जुडी दिसायला भरघोस, पण चिरून झाल्यावर एवढासा ढीग राहतो. म्हणून किलोभर मटणाला दोन चांगल्या जुड्या तरी लागतात. हे काम आमच्याकडे ओटीवर बसून होतं. बाहेर पाऊस लागलेला असतो, शेजारच्या कोणीतरी येऊन बसतात आणि न सांगता दोन-चार शेवळं हातात घेतात. बोलणं सुरू राहतं, पण नजर पिवळ्या भागावरून हलत नाही. लहान मुलांना मात्र या पसाऱ्याजवळ फिरकू द्यायचं नाही.

आता टोपाकडे वळते, कारण या पदार्थाची खरी अक्कल तिथे आहे. आंबट पडलं की बटाटा शिजत नाही, डाळ-कडधान्य शिजत नाही, मटणही वेळ घेतं. बटाटा तासभर उकळला तरी आंबट पाण्यात त्याची फोड कडकच राहते, हे कोणीही करून बघावं. आणि शेवळाला तर आंबटाशिवाय शिजवणंच शक्य नाही. एकाच टोपात दोघांचं जमायचं कसं? आमच्या घरातलं उत्तर आहे दोन चुली. एका चुलीवर मटण, बिरडं आणि बटाटा. दुसऱ्या चुलीवर शेवळं आणि काकड. दोघांचं आपापलं शिजून झालं की मगच एकत्र.

मटण मी खांद्याचं आणि मानेचं घेते, चार चापा आणि दोन नळ्या मागून घेते. खाटकाला सांगायचं की फार बारीक तुकडे नकोत. आलं-लसणाचं वाटण, हळद आणि मीठ लावून तासभर ठेवायचं. जाड बुडाच्या टोपात तेल, त्यात उभा चिरलेला कांदा लाल होईतो परतायचा, मटण घालायचं आणि त्याचं स्वतःचं पाणी सुटू द्यायचं. वर ताट, ताटात पाणी. ताटातलं पाणी गरम झालं की तेच लागेल तसं आत घालायचं आणि ताटात नवं पाणी ओतायचं. कुकर वापरायला माझी हरकत नाही, पावसात गॅस सिलिंडर वेळेवर न येणाऱ्या दिवसांत मीही वापरते. पण टोपात शिजलेल्या मटणाच्या रश्श्यावर जो दाटपणा येतो तो कुकरात येत नाही, कारण कुकरात पाणी आधीच ओतावं लागतं आणि ते कमी होत नाही. अर्धं शिजलं की घरचा मसाला, मग मोड आणून सोललेले वाल, मग बटाट्याच्या मोठ्या फोडी.

वालाबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. भात कापून झाल्यावर आमच्याकडच्या शेतांत वाल पेरतात. जमिनीतल्या उरलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर ते पीक येतं. जानेवारीत त्याच्या हिरव्या शेंगा पोपटीच्या मडक्यात जातात, मार्चपर्यंत दाणे वाळतात आणि डब्यात भरले जातात. भिजवून, फडक्यात बांधून, मोड आणून, कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. सालीसकट शिजवला तर कडवटपणा राहतो. मटणात हे बिरडं घालतात ते मटण पुरवायला, असं मला आधी वाटायचं. तसं नाही. काही दाणे फुटतात आणि रश्श्याला धरून ठेवतात, बाकीचे अख्खे राहतात आणि हाडातला सगळा रस पितात. ताटात वाढल्यावर माझा नवरा आधी वाल शोधतो, मग मटण.

दुसऱ्या चुलीवर तेल जरा सढळ. त्यात ठेचलेला लसूण, मग चिरलेली शेवळं. ती परतताना बसतात, काळपट होतात आणि कच्चा, ओल्या मातीचा वास जाऊन भाजल्यासारखा वास यायला लागतो. तोवर उलथणं थांबवायचं नाही. काकडं आधीच ठेचून, पाण्यात उकळून, बिया काढून कोळ गाळून ठेवलेला असतो. तो सगळा ओतायचा, मीठ घालायचं आणि झाकून मंद आचेवर ठेवायचं. मग आई करतात ती गोष्ट: पळीच्या टोकावरचा एक थेंब जिभेच्या शेंड्याला लावायचा आणि थांबायचं. लगेच निर्णय द्यायचा नाही. खाज उशिरा कळते. जराही चुणचुण वाटली तर आणखी कोळ, आणखी वेळ. पूर्ण निश्चिंत झाल्यावरच शेवळं मटणाच्या टोपात जातात. त्यावर भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, एक उकळी, मग आच अगदी बारीक करून पाव तास.

चव सांगायची तर शेवळ तोंडात मऊ लागतं आणि तरी दाताखाली त्याचा धर जाणवतो. किंचित तुरट, किंचित मातकट. मटणाची चरबी ते शोषून घेतं, आणि काकडाच्या आंबटपणाने तीच चरबी जड वाटत नाही. रस्सा गडद तपकिरी, लालभडक अजिबात नाही. सोबत तांदळाची भाकरी, फोडलेला कांदा आणि नंतर रश्श्यात कालवलेला गरम भात. माझ्या कराडच्या जिभेला हे पटायला वेळ लागला, पण पटलं तेव्हा असं पटलं की आता माहेरी गेल्यावर तांबड्या रश्श्यात मला काहीतरी उणं वाटतं. मटणातली भाजी ही मटणाची काटकसर नाही, हे मी तिकडे ठासून सांगते. या टोपातून शेवळं, वाल आणि बटाटा काढून घेतला तर उरेल तो चांगला रस्सा असेल, पण तो हा पदार्थ नसेल.

हे मला एकटीलाच वाटतं असं नाही. माझे सासरे, म्हणजे बाबा, आयपीसीएल या पेट्रोकेमिकल कंपनीत होते. 1990च्या आसपास नागोठण्याचा कारखाना सुरू झाला तेव्हा देशाच्या सगळ्या भागांतली माणसं इथे राहायला आली. बाबांच्या विभागात एक बंगाली सहकारी होते. डबे उघडले की बाकीचे लोक बाबांच्या डब्यातली काळी भाजी बघून बिचकायचे, पण ते गृहस्थ हात पुढे करायचे. त्यांच्याकडे रविवारच्या मटणात बटाटा असतोच, तो नसेल तर घरात नाराजी होते, असं त्यांनी बाबांना सांगितलं. त्यांच्या पत्नीने आईंना आणखी एक गोष्ट शिकवली: निबर मटण असेल तर आलं-लसणाबरोबर कच्च्या पपईचा तुकडा वाटून लावायचा. पपईच्या चिकातल्या पपेनने मटण लवकर मऊ होतं. ती युक्ती आमच्या घरात राहिली. ते कुटुंब बदली होऊन गेलं, पण आई अजूनही पपईचा तुकडा हातात घेतला की त्यांचं नाव काढतात.

आमच्या स्वयंपाकघरातल्या वस्तूंची जागा नदीने ठरवलेली आहे. अंबेला पूर आला की बाजारपेठेत पाणी शिरतं, हे इथे कोणाला नवं नाही. 1989च्या जुलैत अंबेच्या पुराने वरच्या अंगाला जांभूळपाड्यात किती माणसं नेली, ते नागोठण्यातले जुने लोक आजही हलक्या आवाजात सांगतात. 26 जुलै 2005लाही इथे पाण्याने घरं भरली. त्यामुळे आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, खरेदी झाली की आमच्याकडचं पहिलं काम म्हणजे मसाल्याच्या बरण्या, वालाचे डबे, सुकी मासळी, तांदूळ सगळं माळ्यावर चढवणं. मिरच्या, धणे, खोबरं उन्हात वाळवून मे महिन्यात केलेला मसाला ओला झाला तर वर्ष गेलंच. शेवळांचा टोप करायचा म्हटलं की मी शिडी लावून माळ्यावर जाते: वाल तिथून, मसाला तिथून, खोबऱ्याच्या वाट्या तिथून. मटण बाजारातून, शेवळं-काकडं डोंगरावरून. सगळ्यात ताजं आणि सगळ्यात जुनं एकाच टोपात येतं. पावसाळ्याच्या तोंडावर पोटाला असं काहीतरी भरभक्कम मिळालं की मन थाऱ्यावर येतं. बाहेर वीज गेलेली असो, हायवेवर ट्रकांची रांग लागलेली असो, घरात टोप भरलेला आहे एवढी गोष्ट पुरते.

गेल्या वर्षी मे महिन्यात आई न्यूमोनियाने आजारी पडल्या. दवाखान्यातून घरी आल्या त्या अगदी वाळून. औषधांनी तोंडाची चव गेली होती. पेज, वरणभात, मुगाची खिचडी, सगळं दोन घासांवर थांबायचं. डॉक्टरांनी खाण्यावर कसलंही बंधन घातलं नव्हतं, उलट प्रथिनं जाऊ द्या म्हणाले होते, पण त्यांना कशाचीच इच्छा नव्हती. मृग लागून पाऊस सुरू झाल्यावर एका सकाळी पलंगावर पडल्या पडल्या त्यांनी विचारलं, "बाजारात शेवळं आली का गं?"

मी छत्री घेऊन लगेच निघाले.

त्या दिवशी पहिल्यांदा सगळा टोप माझ्या एकटीच्या हातात होता. इतकी वर्षं जिभेचा शेंडा त्यांचा होता, मी फक्त पळी पुढे करायची. आईंना मी ओटीवर आरामखुर्चीत बसवलं. त्यांच्या हातात विळी देण्यासारखी ताकद नव्हती, पण डोळे शाबूत होते. मी एकेक शेवळ साफ करून त्यांना दाखवत होते. दोनदा त्यांनी मान हलवून "अजून काप" असं खुणावलं. आत गेल्यावर मी स्वयंपाकघराचं दार मुद्दाम उघडं ठेवलं. शेवळं परतत असताना बाहेरून आवाज आला, "अजून वास बदलला नाही." मी परतत राहिले. थोड्या वेळाने, "आता घाल कोळ." त्यांना टोप दिसत नव्हता. मला त्या वेळी जे वाटलं ते इथे नीट लिहिता येणार नाही, पण हात थरथरत होता हे खरं.

जिभेच्या शेंड्याला थेंब मीच लावला. थांबले. पुन्हा लावला. मन निश्चिंत होईना, म्हणून कोळ आणखी घातला आणि दहा मिनिटं जास्त ठेवलं. मटण मी नेहमीपेक्षा जास्त शिजवलं होतं, हाडावरून आपोआप सुटेल इतकं, कारण त्यांना चावायचे कष्ट द्यायचे नव्हते. तिखट कमी, वाटण जरा पातळ. दुपारी मऊ भातावर रस्सा घालून, त्यात नळीतला मगज झटकून, दोन बटाट्याच्या फोडी आणि चमचाभर शेवळं घालून ताट पुढे ठेवलं. त्या काही बोलल्या नाहीत. हळूहळू जेवत राहिल्या. ताट अर्धं झाल्यावर म्हणाल्या, "वाल कुठे गेले?" मी ताटात मुद्दामच घातले नव्हते, पचायला जड म्हणून. "थोडे घाल," त्या म्हणाल्या. मी घातले. महिन्याभरात त्यांनी पहिल्यांदा काहीतरी मागून घेतलं होतं. संध्याकाळी मुलांनी जेवताना तोच टोप पुसून घेतला.

त्यानंतर त्या सावरल्या त्याचं श्रेय औषधांना आणि डॉक्टरांनाच, यात मला शंका नाही. पण खाण्याची इच्छा परत येणं ही वेगळी गोष्ट असते आणि ती त्या टोपातून आली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. आजारी माणसाला फक्त बेचव आणि पांढरं खायला घालायचं, या आपल्याकडच्या सवयीवर माझा तेव्हापासून विश्वास राहिलेला नाही. डॉक्टरांची हरकत नसेल तर माणसाच्या ओळखीची चव त्याला द्यावी.

दुसऱ्या दिवशी मी शेवळांच्या मावशींकडे डबा घेऊन गेले. त्यांच्याच शेवळांचं होतं, आणि आईंनी आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं. मावशी पहाटे अंधारात निघतात. पूर्वी हायवेच्या कडेच्या उतारांवरच शेवळं मिळायची, असं त्या सांगतात. 2011मध्ये या हायवेचं पनवेल-इंदापूर चौपदरीकरण सुरू झालं, उतार खोदले गेले, आता त्यांना बरंच वर चढावं लागतं. पावसाळा संपला की त्यांच्या वाडीतली बरीच कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि पाऊस लागायच्या सुमारास परततात. परतल्यावर हातात पहिला पैसा येतो तो या जुड्यांचाच. त्या कंद उपटत नाहीत, फक्त फुलोरा मोडून आणतात, आणि एका जागचे सगळे मोडत नाहीत, काही फळाला सोडतात. ऑगस्टमध्ये सरकारी रानभाजी महोत्सव भरतात, त्यात टाकळा, कुर्डू, करटोली मांडतात, चांगलं आहे. शेवळं तोवर संपलेली असतात. ज्या भाजीला सगळ्यात जास्त ज्ञान लागतं ती त्या टेबलावर येतच नाही, आणि ते ज्ञान असलेल्या बाईशी लोक रस्त्यात उभं राहून दहा रुपयांसाठी वाद घालतात. मी घालत नाही, आणि कोणी माझ्यासमोर घातला तर मध्ये बोलते.

मावशींनी डबा तिथेच उघडला, बोटाने रस्सा चाखला. "बेस हाय," म्हणाल्या, "पन खोबरां लय टाकतंस तुमी." त्यांच्याकडे वाटण नसतं. मिरची, मीठ, लसूण आणि काकड. मटण क्वचित. पण पहिल्या पावसात शेताच्या बांधांवर आणि ओढ्याला मुठे, म्हणजे शेतातले खेकडे, निघतात, ते ठेचून त्यांचा रस शेवळांत घालतात, असं त्यांनी सांगितलं. ते कसं करायचं, मुठे आधी की काकड आधी, रस किती वेळ उकळायचा, सगळं मी तिथेच उभं राहून विचारून घेतलं. मागे गिऱ्हाईक खोळंबलं होतं तरी मावशी घाई न करता सांगत होत्या. मुठे पुढच्या बाजाराला आणून देते म्हणाल्या. घरी येऊन आईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, त्यांच्या आजीकडे असंच व्हायचं, पण त्यांनी स्वतः कधी केलं नाही. मग बाजाराच्या आदल्या रात्री आम्ही दोघींनी ठरवलं की या वेळी वाल भिजत घालायचे नाहीत, आणि खोबरं मुळीच काढायचं नाही.